मोडण्याचा हक्क

संगणकाशी आपल्याकडील मुलांची पहिली ओळख बहुधा एका निषेधाने होते: 'हात लावू नकोस, बिघडेल.' शाळेतील संगणककक्षाला कुलूप असते, यंत्रांवर झाकणे असतात, चपला दाराबाहेर काढाव्या लागतात. एकूण शिस्त देवघराची असते. या धाकाची थट्टा करणे सोपे आहे. परंतु त्यामागचे अर्थकारण ध्यानात न घेता केलेली थट्टा अन्यायाची ठरेल. कर्जत आणि खालापूर या रायगडच्या घाटपायथ्याच्या तालुक्यांत ज्या घरी संगणक आहे तेथे तो बहुधा एकच असतो. हप्त्यांवर घेतलेला, नाहीतर मुंबईतील कुणा नातेवाइकाने नवा घेतल्यावर इकडे पाठवलेला. त्याच यंत्रावर दुकानाचा हिशेब असतो, थोरल्या बहिणीच्या महाविद्यालयाची कामे असतात, लग्नातली छायाचित्रे असतात. ते बंद पडले तर दुरुस्तीचा दिवस आणि दुरुस्तीचे पैसे, दोन्ही मोडतात. अशा घरातील मुलाला 'लिनक्स शीक, यंत्रावर चढवून पाहा' असा उपदेश करणे म्हणजे ज्याचे एकच खाचर आहे अशा शेतकऱ्याला 'यंदा नवे बियाणे सगळ्या शेतात पेरून पाहा' असे सांगण्यासारखे आहे. उपदेश करणाऱ्याचे काही जात नाही. ज्याला पेरायचे त्याचे वर्ष जाते.

हा दृष्टान्त आम्ही सहज योजलेला नाही. कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आहे आणि 'कर्जत-३', 'कर्जत-७', 'कर्जत-१८४' ही तेथून निघालेल्या भाताच्या वाणांची नावे कोकणातल्या शेतकऱ्याला अपरिचित नाहीत. संशोधन केंद्र नेमके काय करते? अपयश स्वतःच्या वाफ्यावर घेते. दहा वाण लावले आणि त्यांतले नऊ फसले, तर त्या नऊ वाणांपायी कुणाच्या घरची चूल बंद राहत नाही. जो टिकतो तोच शेतकऱ्याच्या खाचरापर्यंत पोहोचतो. प्रयोगाला वेगळी जमीन लागते, ही गोष्ट शेतीत आपल्याला केव्हाच पटलेली आहे. संगणकाच्या शिक्षणात मात्र आपण अजूनही मुलाला थेट खाचरात उतरवतो, आणि तो बिचकला की त्याला गती नाही असा निर्वाळा देतो.

संगणकात अशा वेगळ्या वाफ्याची सोय आहे. तिला व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी यंत्र म्हणतात. आजवर तिची कीर्ती व्यावसायिकांची सोय म्हणून झाली. मोठ्या कंपन्यांचे तंत्रज्ञ ती वापरतात, हौशी मंडळी तिच्यात नवनवी लिनक्स-वितरणे चाखून पाहतात. आमचे म्हणणे असे की, तिची खरी गरज ज्याच्यापाशी एकच यंत्र आहे त्याला आहे. कारण ती त्याला एक असा हक्क देते जो पैसेवाल्याच्या मुलाला न मागता मिळालेला असतो: मोडण्याचा हक्क.

प्रथम ही सोय चालते कशी ते पाहू. विंडोज असो वा लिनक्स, कोणत्याही कार्यप्रणालीला वाटत असते की प्रोसेसर, स्मृती आणि तबकडी यांची मालकी केवळ आपली आहे. आभासी यंत्र चालवणारी आज्ञावली तिचा हा भ्रम जपते. ती स्मृतीचा एक तुकडा वेगळा काढते, मूळ तबकडीवर एक मोठी फाइल तयार करते आणि आतल्या कार्यप्रणालीला सांगते की हीच तुझी तबकडी. आतल्या प्रणालीने 'सगळी तबकडी पुसून टाक' अशी आज्ञा दिली तरी पुसली जाते ती त्या फाइलमधली सामग्री. दुकानाचा हिशेब आणि लग्नाची छायाचित्रे जागच्या जागी राहतात. बाहेरच्या प्रणालीला या व्यवहारात यजमान म्हणतात आणि आतलीला पाहुणा. इंग्रजीतही शब्द याच अर्थाचे आहेत, पण मराठीत ते अधिक शोभतात. कारण पाहुण्याला कोणती खोली द्यायची आणि कोणत्या खोलीला कडी घालायची याचे संकेत आपल्या घरांना चांगले ठाऊक आहेत.

ही कल्पना अलीकडची नाही, आणि सुबत्तेतून तर ती मुळीच जन्मलेली नाही. १९६० च्या दशकात संगणक इतका महाग होता की एका यंत्रावर अनेकांनी काम करण्यावाचून गत्यंतर नव्हते. आयबीएमच्या केंब्रिज येथील केंद्रात त्या दशकात जी प्रणाली विकसित झाली तिने प्रत्येक वापरकर्त्याला स्वतंत्र, संपूर्ण यंत्र मिळाल्याचा अनुभव दिला. एकाने आपल्या यंत्राची वाट लावली तरी शेजाऱ्याचे काम थांबत नसे. १९७२ साली आयबीएमने तीच कल्पना व्हीएम/३७० या नावाने बाजारात आणली. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ साली अशा यंत्रांच्या अटी शास्त्रशुद्ध रीतीने मांडल्या. आत चालणाऱ्या आज्ञावलीचे वर्तन खऱ्या यंत्रावरच्यासारखेच हवे, बहुतेक आज्ञा थेट प्रोसेसरवर चालून वेग टिकायला हवा, आणि साधनांवरचा ताबा सदैव यजमानाकडे हवा. पुढे घरगुती संगणक स्वस्त झाले, 'एक माणूस, एक यंत्र' हे सूत्र प्रस्थापित झाले आणि ही विद्या मागे पडली. घरगुती संगणकांतले इंटेलचे प्रोसेसर या अटींत बसतही नव्हते. व्हीएमवेअर या कंपनीने १९९९ साली आपली आज्ञावली आणून ती अडचण युक्तीने ओलांडली. २००५ आणि २००६ या वर्षांत इंटेल आणि एएमडी यांनी आपापल्या प्रोसेसरांतच त्यासाठी सोय केली. २००७ च्या जानेवारीत इनोटेक या जर्मन कंपनीने व्हर्च्युअलबॉक्सची मुक्त आवृत्ती खुली केली. ती पुढे सन आणि नंतर ओरॅकल या कंपन्यांकडे गेली, तरी तिचा मूळ भाग अद्याप मुक्त परवान्याखाली फुकट मिळतो. एकूण पाहता, यंत्रे थोडी आणि माणसे फार, या पेचातून ही विद्या निघाली. आपल्या तालुक्यांतला पेच आजही तोच आहे.

मात्र या विद्येचा लाभ आज प्रामुख्याने कोणाला होतो, हे पाहिले की थोडे अस्वस्थ व्हायला होते. खालापूर-कर्जतला लागूनच पनवेल तालुका आहे. तेथे २०२० साली योट्टा कंपनीचे प्रचंड डेटा सेंटर सुरू झाले. असल्या इमारतींत रात्रंदिवस चालतात ती बव्हंशी आभासी यंत्रेच. आणि त्यांतली बहुसंख्य लिनक्सवर चालतात. आपण बँकेचे व्यवहार करतो, रेल्वेचे तिकीट काढतो, तेव्हा कुठेतरी अशीच यंत्रे जन्मतात, काम करतात आणि मिटतात. या भागाला हा अनुभव नवा नाही. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी घाटाखाली आणून खोपोलीला टाटांनी १९१५ साली वीज निर्माण केली, १९२२ साली भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. ती वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. ज्या डोंगरांच्या उतारावरून ते पाणी उतरत होते, तेथल्या वाड्या-पाड्यांत दिवा लागायला पुढे कित्येक दशके जावी लागली. शक्ती दारावरून जाते आणि घरात येत नाही, ही गोष्ट येथे एकदा घडून गेली आहे. फरक इतकाच की, त्या वेळी तार ओढून घेणे गावकऱ्याच्या हाती नव्हते. आभासी यंत्र उभे करणे मात्र ज्याच्यापाशी बरा संगणक आहे अशा कुणाच्याही हाती आहे, आणि त्यासाठी परवानगीचा अर्ज करावा लागत नाही.

लिनक्स मुलांच्या हाती देण्याचा एक मोठा प्रयोग याच रायगड जिल्ह्यात होऊन गेला, त्याचेही स्मरण येथे करायला हवे. निकोलस निग्रोपाँटी यांच्या 'एका मुलामागे एक लॅपटॉप' या योजनेचा भारतातील पहिला प्राथमिक प्रयोग २००७ च्या ऑक्टोबरात खैराट येथील एकशिक्षकी शाळेत सुरू झाला. एका खोलीची शाळा आणि वीस-बावीस मुले. त्यांच्या हाती आला तो हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप: ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी स्मृती, १ जीबी साठवण, आणि त्यावर फेडोरा लिनक्स व 'शुगर' नावाचे मुलांसाठी बनवलेले वातावरण. शंभर डॉलरचे यंत्र म्हणून त्याचा गाजावाजा झाला होता; प्रत्यक्षात किंमत त्याच्या दुपटीच्या जवळ पोहोचली. त्याआधी वर्षभर, २००६ साली, केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ही योजना शैक्षणिक दृष्ट्या संशयास्पद म्हणून नाकारली होती. आधी वर्ग आणि शिक्षक, मग लॅपटॉप, हा त्यांचा युक्तिवाद आम्हाला आजही निराधार वाटत नाही.

तरीही त्या यंत्राची एक गोष्ट विलक्षण होती. त्याच्या कळफलकावर अशी एक कळ होती की, ती दाबल्यावर चालू असलेल्या कार्यक्रमाच्या आतली संहिता पाहायला मिळावी. ते बनवणाऱ्यांनी गृहीत धरले होते की मूल आत डोकावणार, काहीतरी बदलणार आणि बिघडवणार. बिघडले तर प्रणाली पुन्हा मूळपदावर आणण्याची व्यवस्थाही केली होती. 'हात लावू नकोस' या वाक्याचा इतका स्पष्ट प्रतिवाद आपल्या शाळांत त्यापूर्वी क्वचितच आला असेल.

त्या योजनेची अडचण निराळी होती. मोकळीक यंत्राला जखडलेली होती. जोवर हिरवा लॅपटॉप चालतो तोवर मोकळीक. बॅटरी थकली, सुटे भाग संपले, देणाऱ्यांचे लक्ष दुसरीकडे गेले, की मोकळीकही संपली. शुगरच्या निर्मात्यांनाही हे उमगले असावे. २००८ साली वॉल्टर बेंडर यांनी 'शुगर लॅब्स' ही स्वतंत्र संस्था काढली आणि २००९ मध्ये शुगर पेनड्राइव्हवरून कोणत्याही संगणकावर चालू लागले. आभासी यंत्रातही ते चालते. म्हणजे खैराटच्या मुलांना जे पाहायला मिळाले ते आज कर्जतच्या एखाद्या वाचनालयातील साध्या संगणकावर, विंडोजला धक्का न लावता, एका खिडकीत उघडता येईल. दात्याची वाट पाहावी लागणार नाही. यंत्राचे दान सरते. कृती शिकवली तर ती उरते.

आता ती कृती. पहिली पायरी यंत्राच्या मूळ मांडणीत, म्हणजे बायोसमध्ये जाऊन आभासीकरणाची सोय सुरू आहे ना ते पाहण्याची. इंटेलच्या यंत्रांत ती व्हीटी-एक्स आणि एएमडीच्या यंत्रांत एसव्हीएम या नावाने सापडते. अनेक यंत्रांवर ती बंद असते, आणि 'आमच्या संगणकावर हे चालत नाही' या तक्रारीचे मूळ पुष्कळदा तेवढेच असते. दुसरी पायरी व्हर्च्युअलबॉक्स त्याच्या अधिकृत ठिकाणावरून उतरवून घेण्याची. सोबत मिळणाऱ्या 'एक्स्टेन्शन पॅक'चा परवाना वेगळा आहे; शिकण्यासाठी त्याची गरज पडत नाही, तेव्हा तो घेऊच नये.

तिसरी पायरी लिनक्सची प्रत मिळवण्याची, आणि येथे आपल्या परिस्थितीचा विचार हवा. उबुंटूची आजची प्रत सुमारे सहा जीबीची आहे; मोबाइलच्या रोजच्या डेटावर भागवणाऱ्याला ती परवडणारी नाही. डेबियनची लहान स्थापना-प्रत एक जीबीहूनही लहान आहे. पुढचे काय लागेल तेवढेच ती जालावरून ओढून घेते. डेबियनची स्थापना मराठीतूनही करता येते. मात्र देवनागरी नीट दिसावी म्हणून सुरुवातीला चित्ररूप स्थापनेचा पर्याय निवडावा लागतो. वर्गात दहा यंत्रे असतील तर प्रत एकदाच उतरवावी आणि पेनड्राइव्हने वाटावी. मुक्त प्रणालीत असे वाटप करणे हा गुन्हा नाही, उलट तिचा धर्म आहे. वाटण्यापूर्वी प्रतीची बेरीज-खूण, म्हणजे चेकसम, ताडून पाहण्याची सवय मुलांना लावावी. आलेली वस्तू खरी आहे का हे तपासण्याचा तो पहिला धडा.

चौथ्या पायरीवर पाहुण्याचा वाटा ठरवायचा. यजमानाकडे ८ जीबी स्मृती असेल तर पाहुण्याला ३ ते ४ जीबी द्यावी. निम्म्याहून अधिक कधीच देऊ नये, नाहीतर यजमान उपाशी राहतो आणि दोघेही अडखळतात. यजमानाकडे ४ जीबीच असेल तर पाहुण्याला एक-दीड जीबी द्यावी आणि एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी असे हलके वातावरण निवडावे. तबकडीसाठी २० ते २५ जीबीची मर्यादा पुरते. ती 'गरजेप्रमाणे वाढणारी' ठेवली तर जेवढी सामग्री तेवढीच जागा व्यापली जाते. जाळ्याची जोडणी आहे तशी, म्हणजे नॅट पद्धतीची राहू द्यावी. मग नेहमीसारखी स्थापना. ती चालू असताना 'सगळी तबकडी पुसली जाईल' असा इशारा येतो आणि भल्याभल्यांचा हात थबकतो. पुसली जाणार आहे ती पाहुण्याची तबकडी. पहिल्यांदा 'होय' म्हणताना जी धाकधूक होते आणि नंतर काहीच न बिघडल्याचे पाहून जे नवल वाटते, त्यात या साऱ्या विद्येचे मर्म आहे.

पाचवी पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच बहुतेक मार्गदर्शिका शेवटच्या ओळीत उरकतात. स्थापना होताच यंत्राचा 'स्नॅपशॉट' घ्यावा. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणीच्या संपूर्ण स्थितीची नोंद. पुढे काहीही झाले तरी एका कळीने त्या क्षणी परतता येते. आमची सूचना अशी की, त्यानंतरचा पहिला तास यंत्र मोडण्याचा असावा. प्रशासकाच्या अधिकाराने प्रणालीच्या मुळाशी असलेल्या फाइली पुसाव्यात, खात्यांची यादी विस्कटावी, प्रणाली सुरू करणारी फाइल दुसरीकडे हलवावी आणि काय होते ते पाहावे. त्याआधी यजमानाशी सामायिक केलेला एखादा फोल्डर असेल तर तो तोडून ठेवावा. कारण आतले बाकी सगळे आभासी असले तरी तो फोल्डर खरा असतो. प्रणाली कोसळताना कोणते संदेश देते, कोणता भाग आधी जातो आणि कोणता अखेरपर्यंत तग धरतो, हे ज्याने एकदा पाहिले त्याला तिची रचना कळू लागते. मग स्नॅपशॉटकडे परतावे, आणि दुसऱ्यांदा तीच मोडतोड करून, स्नॅपशॉट न वापरता, हाताने दुरुस्त करण्याचा यत्न करावा. शिकणे या दुसऱ्या खेपेला घडते. पहिली खेप केवळ भीती जाण्यासाठी.

यावर जे आक्षेप येतील त्यांचा विचार करू. पहिला आक्षेप यंत्रांच्या दुबळेपणाचा. २ जीबी स्मृतीच्या जुन्या यंत्रावर आभासी यंत्र चालवणे म्हणजे थकल्या बैलाला दुसरा बैल पाठीवर घ्यायला सांगणे होय. हे खरे आहे आणि अशा यंत्रावर हा मार्ग नव्हे. तेथे हलके लिनक्स थेट बसवावे. हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि अनेक जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. ती भंगारात काढण्याऐवजी लिनक्सवर आणता येतील. परंतु ते करणार कोण? ज्याने आधी कुठेतरी दहा वेळा स्थापना करून पाहिली आहे, तोच. शाळेत एखादे बरे यंत्र असेल तर त्यावरील आभासी यंत्रात तालीम करावी आणि मग उरलेल्या जुन्या यंत्रांवर प्रत्यक्ष हात घालावा. आभासी यंत्र आणि थेट स्थापना यांत वैर नाही. एक रोपवाटिका आहे, दुसरी लावणी.

दुसरा आक्षेप पोटाचा. महाराष्ट्रात संगणक-साक्षरता म्हणजे २००१ पासून एमएस-सीआयटी, आणि एमएस-सीआयटी म्हणजे विंडोज व त्यावरचे ऑफिस, असे समीकरण झाले आहे. खोपोलीच्या कारखान्याच्या कचेरीत वा तालुक्याच्या ठिकाणी नोकरी मागायला गेलेल्या मुलीला कुणी लिनक्स येते का असे विचारीत नाही. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. म्हणूनच तर आभासी यंत्राचा आग्रह. ते विंडोज काढायला सांगत नाही. दोन्हींतले एक निवडण्याची सक्तीच ते मोडून टाकते. तिकडे केरळाने 'आयटी ॲट स्कूल' या २००१ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमातून पुढे आपल्या शाळा मुक्त प्रणालींवर आणल्या, आणि त्यासाठी स्वतःचे लिनक्स-वितरणही घडवले. तेथे राज्याची इच्छाशक्ती होती. आपल्याकडे ती येईपर्यंत मुलांनी थांबावे असे आम्हाला वाटत नाही. खुद्द मायक्रोसॉफ्टने २०१६ पासून विंडोजच्या पोटात लिनक्स चालवण्याची सोय दिली आणि २०१९ पासून ती सोय आभासी यंत्राच्याच तत्त्वावर चालते. बनवणाऱ्या कंपनीला जे वर्ज्य नाही ते अभ्यासक्रमाला वर्ज्य असावे, याला सोवळेपणाखेरीज कारण दिसत नाही.

तिसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. जेथे काहीच पणाला लागत नाही तेथे खरे शिक्षण होते का? परत जाण्याची कळ हाताशी असली की माणूस बेफिकीर होतो, असे काही अनुभवी तंत्रज्ञ म्हणतात. त्यांत तथ्य आहे. रोप वाफ्यातच ठेवले तर ते हिरवे दिसते, पण लोंबी धरत नाही. त्याला एके दिवशी उपटून चिखलात लावावेच लागते. आभासी यंत्र हे मुक्कामाचे ठिकाण नव्हे, हे आम्हाला मान्य आहे. परंतु हा आक्षेप घेणाऱ्यांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. त्यांनी स्वतः जी जोखीम घेऊन विद्या मिळवली, ती जोखीम घेण्याची ऐपत त्यांना कुठून मिळाली? बहुतेकांच्या बाबतीत उत्तर सारखेच येईल: घरी दुसरे यंत्र होते, किंवा पहिले बिघडले तरी रागावण्यापलीकडे कुणी काही करणार नव्हते. जोखमीचा महिमा गाणाऱ्यांनी आपल्या पाठीशी असलेले कवच विसरू नये. स्नॅपशॉट तेच कवच कवच नसलेल्यांना देतो.

ज्यांना या तांत्रिक गोष्टींत रस नाही, अशा साहित्यप्रेमी वाचकांसाठीही येथे काही आहे. संगणकावर मराठीची उपेक्षा होते, असे आपण गेली वीस-पंचवीस वर्षे म्हणत आलो. पण स्वतःचा संगणक संपूर्णपणे मराठीत चालवून पाहणारे आपल्यांत किती निघतील? फार थोडे, आणि त्याचे कारण भाषाप्रेमाचा अभाव हे नाही. एकदा सगळे मराठी केले आणि 'सेटिंग्ज'ला काय म्हणतात तेच उमगले नाही, तर परत इंग्रजीकडे कसे यायचे, ही ती भीती आहे. म्हणजे पुन्हा बिघडण्याचीच भीती. पाहुण्या यंत्रात ती उरत नाही. तेथे लिनक्सची भाषा मराठी करावी, इनस्क्रिप्ट कळफलक जोडावा, 'लोहित' फाँट लावावा आणि महिनाभर वापरावे. मग भाषांतरातले कोणते शब्द सहज वाटतात आणि कोणते घशात अडकतात ते अनुभवाने कळेल. 'दुसऱ्या'मधला तो आडवा, पापणीसारखा र कोणत्या फाँटात नीट उमटतो आणि कोणत्यात बिघडतो, हेही दिसेल. लिनक्समधील मराठी शब्द स्वयंसेवकांनी बसवलेले आहेत आणि ते बदलता येतात. चुकीचा शब्द दिसला तर सुधारणा सुचवायला कुणा कंपनीच्या कचेरीत जावे लागत नाही. जी भाषा आपण मोडून-जोडून पाहत नाही ती आपली होत नाही, हे कवींना सांगायला नको. संगणकावरील मराठी अद्याप आपली वाटत नाही, कारण तिला आपण हातच लावलेला नाही.

आमची मागणी लहान आहे. कर्जत-खालापूरमधील ज्या शाळांत, महाविद्यालयांत वा वाचनालयांत ८ जीबी स्मृतीचे एक तरी यंत्र आहे, तेथे त्यावर एक पाहुणे यंत्र उभे करावे, त्याचा स्नॅपशॉट घ्यावा, आणि शेजारच्या भिंतीवर एक कागद चिकटवावा: 'या खिडकीतले काहीही मोडण्यास सर्वांना परवानगी आहे. मोडल्यावर काय झाले ते वहीत लिहावे.' ती वही नीट चालली तर वर्षाअखेरीस त्या गावाचे स्वतःचे, मराठीत लिहिलेले लिनक्सचे पुस्तक तयार होईल. त्याला खर्च एका वहीचा आणि एका पेनचा. यांत जड जाईल ती एकच गोष्ट: 'हात लावू नकोस' हे वाक्य गिळून मागे उभे राहणे. मुलांना जेवढे लिनक्स शिकायचे आहे, तेवढेच हे मागे उभे राहणे मोठ्यांना शिकावे लागेल.